खंडेनवमीचं झाकण

बाबांना गाडी चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाचा गोंधळ व्हायला नको. गाडी त्यांचीच होती. त्यांनीच हौसेने एका निवृत्त साहेबांकडून घेतली होती आणि रोज सकाळी स्वतःच्या आंघोळीआधी ते तिची आंघोळ उरकायचे. पण चालवायला बसले, की त्यांचे हात स्टिअरिंगला चिकटायचे आणि कुठला पाय कशावर आहे याचं भान सुटायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी शेजाऱ्यांच्या कुंपणाची मेंदी दहा फूट आडवी केली आणि गाडीतून उतरून त्या मेंदीचीच माफी मागितली. आत्या ओट्यावरून बघत होती. ती म्हणाली, "मधू, तू फक्त पुसत जा. चालवायले बेबी शिकन." बेबी म्हणजे मी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. कामठीचे एक निवृत्त फौजी ड्रायव्हर मला महिनाभर पहाटे शिकवायला आले. शिकवताना ते एक शब्दही बोलत नसत, चूक झाली की फक्त खिडकीबाहेर बघत. त्या खिडकीबाहेर बघण्याच्या धाकानेच मी नीट शिकले असं मला आजही वाटतं.

हनुमाननगरातल्या त्या घरात आम्ही तिघंच होतो. बाबा एका सरकारी कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती ब्लाउज शिवायची आणि अर्ध्या मोहल्ल्याच्या बायकांची मापं तिला तोंडपाठ होती. कोण जाड झालं, कोण वाळलं, हे तिला त्या बाईच्या नवऱ्याआधी कळे. माझी मोठी बहीण शीलाताई लग्न होऊन सावनेरला गेलेली, भाऊजी कोळशाच्या खाणीत नोकरीला. आई नव्हती. माझ्या जन्माच्या वेळी ती गेली, आणि तेव्हापासून आत्या आमच्याकडे राहायला आली ती आलीच. मला आईची आठवण नाही, त्यामुळे तिची उणीव कशी असते हेही मला नीट सांगता येत नाही. माझ्या लहानपणाचा आवाज म्हणजे आत्याच्या मशीनचा आवाज. दुपारी जेवून आडवं झालं की तो खोलीतून खडखडत यायचा, मध्येच थांबायचा, आणि थांबला की मला जाग यायची. संध्याकाळी ती मशीनवर झाकण घालून चुलीकडे वळायची. गॅस आला होता तरी वांगी चुलीवरच भाजायची, त्याचं भरीत, वर कच्चा कांदा आणि सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि ज्वारीची भाकर. पुण्याच्या माझ्या सुनेला सांबार म्हटलं की इडली आठवते. तिला अजून पटत नाही की आम्ही कोथिंबिरीलाच सांबार म्हणतो.

रविवारची सकाळ मात्र गाडीच्या बॉनेटची. बाबा रेकॉर्ड रूममधले होते, त्यांचा कुठल्याही वस्तूवर विश्वास तपासल्याशिवाय बसत नसे. बॉनेट उघडून ते आधी इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण फिरवून काढायचे, ज्यातून आपण इंजिन ऑइल ओततो ते. झाकण उलटं करून आतली बाजू उन्हात धरायचे, बोट फिरवून बघायचे, वास घ्यायचे आणि मलाही घ्यायला लावायचे. "ताकासारखा पांढरा फेस दिसला तर समज तेलात पाणी गेलं. जळका वास आला तर तेल म्हातारं झालं. आणि भोवती ओल दिसली तर वायसर गेला." मग घासलेटात बुडवलेल्या चिंधीने झाकण पुसायचं, कडेचा रबरी वायसर बोटाने दाबून तो मऊ आहे ना बघायचं, तेलाची पट्टी काढून पुसून पुन्हा घालून तेल मोजायचं, आणि झाकण हाताने घट्ट बसवायचं. हातानेच, पान्ह्याने नाही. पान्ह्याने आवळलं की वायसर चेपतो आणि आटे मरतात. हे ते मला दर रविवारी नव्याने सांगायचे. मी कंटाळायचे, पण ऐकायचे, कारण त्या अर्ध्या तासात बाबा जितकं बोलायचे तितकं बाकी आठवडाभर बोलत नसत. आज माझ्या भाचीच्या गाडीचं झाकण प्लॅस्टिकचं आहे आणि ते कुठे आहे हे तिला माहीतही नाही. ती म्हणते, मावशी, ते सर्व्हिसिंगवाले बघतात. मी गुपचूप तिचं बॉनेट उघडून बघून येते.

तर त्या वर्षी नवरात्राच्या आधी आमच्या गाडीच्या झाकणाचे आटे झिजले. कितीही फिरवलं तरी ते शेवटी एक गिरकी घ्यायचं आणि सैल पडायचं. इंजिनाच्या माथ्यावर तेलाचा काळा ओघळ दिसायला लागला. बाबांनी दोनदा वायसर बदलून पाहिला, मग जुनं झाकण नमुन्याला घेऊन गणेशपेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात गेले आणि नवं कोरं झाकण घेऊन आले. जुनं तिथेच टाकून आले. आठवीच्या, म्हणजे अष्टमीच्या संध्याकाळची ही गोष्ट. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. पाटावर पान्हे, पकड, हातोडी, आत्याची मोठी कात्री, टेप, अगदी सुयांचं पुडकंसुद्धा मांडायचं, झेंडूची फुलं वाहायची, हळदकुंकू, पुरणाचा नैवेद्य. आणि एकदा पाटावर वस्तू गेली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. वर्षभर आपण तिला राबवतो, एक दिवस तिची सुट्टी, असं आत्या म्हणायची. त्या दिवशी मोहल्ल्यातली एखादी बाई रडत आली असती की ब्लाउजला बटण लावून दे, तरी तिने लावून दिलं नसतं.

नवं झाकण बघून आत्या म्हणाली, "नवी वस्तू हाये, आधी पूजा होऊ दे तिची, मंग लावजो." बाबांनी विचार केला. उद्या सुट्टी, परवा दसरा, गाडी कुठे जायची आहे? त्यांनी मला हाक मारली. आत्याच्या चिंध्यांच्या गाठोड्यातून एक स्वच्छ, लाल रंगाचा तुकडा काढून मी तो तेलाच्या तोंडावर ठेवला, भोवती जाड दोरा गुंडाळून गाठ मारली. धूळ जाऊ नये एवढंच. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतो तसं ते दिसत होतं. आम्ही दोघं त्यावर हसलोही.

नवमीची सकाळ. पूजा झाली. गाडीच्या नाकाला झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. आत पाटावर पान्हे आणि पकडी फुलांत बुडालेल्या, आणि त्यांच्या मधोमध ते नवं झाकण, त्याच्यावरही कुंकवाचं बोट. आत्या पुरण वाटत होती, वेलदोड्याचा वास घरभर. तेवढ्यात समोरच्या काकू पळत आल्या. फोन त्यांच्याकडेच होता. सावनेरहून निरोप होता. ताईला आठवा संपत होता, दसरा झाला की आम्ही तिला बाळंतपणाला आणणारच होतो. पहाटेपासून तिला कळा लागल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मूल पायाकडून येतंय, इथे ठेवू नका, लगेच नागपूरला मोठ्या दवाखान्यात न्या. तालुक्याची रुग्णवाहिका आधीच एका पेशंटला घेऊन गेली होती. जीपवाले होते, पण खंडेनवमी. ज्याच्या त्याच्या जीपला माळ घातलेली, एकही जण हात लावायला तयार नव्हता.

आत्या पुरणाचे हात तसेच धरून खाली बसली. "मीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "मीच म्हटलं होतं नवरात्र होऊ द्या, घट हलू द्या, मंग आणू पोरीले. तिची मायबी अशीच गेली न मधू?"  बाबांचा चेहरा इतका पांढरा पडला होता की मला आधी त्यांचीच भीती वाटली. एवढं मात्र मला कळलं की आता या घरात पुन्हा तेच होणार की नाही, हे आपण किती लवकर सावनेर गाठतो यावर आहे.

"बेबी, गाडी काढ," बाबा म्हणाले. मग आत्याकडे वळून, जणू परवानगी मागत, "बाई, गाडी काढाव लागन."

"काढ न," आत्या उठत म्हणाली. "गाडीचं मी देवाले सांगते. पण पाटावरच्याले हात लावू नका. तेवढं तरी राहू दे." बाबा दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना गाठणार होते, सुट्टीचा दिवस, कोण सापडेल कोण नाही. मी आणि आत्या सावनेरला. पाटाला हात लावायचा नाही म्हटल्यावर आम्ही पाटाकडे बघितलंही नाही. हत्यारांची पेटी घरी राहिली. झाकण घरी राहिलं. मी चावी फिरवली, इंजिन लागलं, आणि निघाले. दर रविवारी झाकणाचा वास घेणारी मी, मला त्या चिंधीची आठवणसुद्धा आली नाही.

मानकापूर मागे पडलं, आणि कोराडीच्या अलीकडे गर्दी लागली. देवीच्या दर्शनाला नवमीला किती माणूस लोटतं हे नागपूरच्या माणसाला सांगायला नको. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पायी चालणाऱ्या बायका, नारळाची दुकानं, लाउडस्पीकर. मी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने पुढे जात होते आणि इंजिन तापत होतं. गर्दी सुटली तशी मी वेग घेतला. दोन्ही बाजूंना कपाशी, मध्येच संत्र्याच्या बागा. दहेगाव गेलं असेल नसेल, आत्या नाक वर करून हवेत हुंगायला लागली.

"बेबी, काही जळून राहिलं वं."

"बाहेर कोणी पालापाचोळा जाळला असेल."

"पालापाचोळा नोहे. सुती कापड जळून राहिलं. टू बाय टू हाये, ब्लाउजचं." तीस वर्षं इस्त्रीखाली कापडं जाळून आणि वाचवून तिचं नाक तयार झालं होतं. "लाल रंगाचं दिसते. लाल रंग असाच आंबट जळते." हे तिने खरंच म्हटलं. मी नंतर हे सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी पदरचं घालते.

आणि तिने लाल म्हटलं तेव्हा मला आठवलं. त्याच क्षणी समोर तेलाचा लाल दिवा लागला आणि बॉनेटच्या फटीतून निळा धूर यायला लागला. मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं. दोरा सुटून चिंधी गरम नळीवर पडली होती आणि धुमसत होती. सगळं इंजिन तेलाने माखलं होतं, बॉनेटच्या आतल्या बाजूलाही तेलाचे शिंतोडे. जिथे झाकण असायला हवं तिथे एक काळं गोल भोक माझ्याकडे बघत होतं. मी काठीने चिंधी ओढून बाहेर काढली आणि पट्टी काढून पाहिली. पट्टीच्या टोकाला नुसता तेलाचा वास होता. अजून दोन मैल गेलो असतो तर इंजिन जाम झालं असतं, आणि मग ते कोणाच्या बापाला हललं नसतं.

मी रडायला लागले. "आत्या, झाकण पाटावर राहिलं," मी म्हटलं. "चिंधी मीच बांधली होती, मीच विसरले." मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पाटाले हात लावू नका कोणं म्हटलं होतं? मीच न?" मग पदर खोचून इकडेतिकडे बघितलं आणि रस्त्यापासून आत असलेल्या एका घराकडे तरातरा चालू लागली. त्या घरापुढे एक ट्रॅक्टर उभा होता.

तिथेही खंडेनवमीच होती. ट्रॅक्टरला केळीचे खांब बांधलेले, चाकांना कुंकू. पुढच्या चाकापाशी सारवलेल्या जागेवर विळे, कुऱ्हाड, वखराची पास, पान्हे, आणि त्या सगळ्यांत इंजिन ऑइलचा एक पत्र्याचा डबा, त्यालाही फूल वाहिलेलं. घरमालक चाळिशीचा शेतकरी, नुकताच आंघोळ करून टोपी घालून बसलेला. त्याची बायको वडे तळत होती. आत्याने दारातूनच सगळं सांगून टाकलं. शेतकऱ्याने आधी पाणी दिलं. मग डब्याकडे बघितलं आणि अवघडला.

"मावशी, तेल हाये. पण आता पूजेत मांडलं न. आमच्या बुढ्यापासून चालत आलं, आजच्या दिवशी कोणी हात नाही लावत. पाटणसावंगीले मिळन तुम्हाले, मी सायकलनं जाऊन आणून देतो."

"जाऊन येऊन तास जाईन भाऊ," आत्या म्हणाली. ती त्याच्याशी बोलत होती, पण बघत होती त्याच्या बायकोकडे. "बाई, तुले लेकरं किती वं?"

"तीन," ती म्हणाली.

"माह्या पोरीचं पहिलंच हाये. आडलं हाये. तिची माय याच दुखण्यात गेली. मी सकाळी माह्या घरच्या पाटाले कोणाले हात लावू देला नाही, म्हणून आमी इथं उभ्या हाओत." आणि मग माझ्या आत्याने, जिने बटण लावायलाही सुई उचलली नसती, तिने चपला काढल्या, त्या पूजेपुढे वाकून हात जोडले आणि तेलाचा डबा स्वतःच उचलला. फूल खाली पडलं ते उचलून पुन्हा विळ्यावर ठेवलं. "पाप लागलं तर माह्या नावानं लागो."

शेतकरी आ वासून बघत राहिला. त्याची बायको मात्र कढई उतरवून पुढे आली. "पाप काहून लागन?" ती म्हणाली. "देवीबी बाईच हाये. अहो, बसून काहून राहिले? पकड काढा न पूजेतली!"

मग सगळं भराभर झालं. तेल ओतलं. आता तोंड कशाने बंद करायचं? ट्रॅक्टरचं झाकण लावून पाहिलं, ते मोठं होत होतं. दुधाच्या बरणीचं, स्टोव्हचं, एकही बसेना. शेतकऱ्याच्या बायकोने घासलेटाच्या बाटलीचं बूच काढून आणलं, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा तुकडा. ते बारीक होत होतं. आत्याने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, भोकात घालून अंदाज घेतला. बाहीचं माप घेताना ती जसे डोळे बारीक करायची तसेच केले. "जाडं कणीस आण, आन् जुना जाड कपडा. सुई हाये का वं?" ते कणीस तिने धोतराच्या पट्टीने आवळून गुंडाळलं, थरावर थर, मध्ये मध्ये टाके घालत, म्हणजे एकही धागा सुटून आत जायला नको. तेलात भिजवून दाबत बसवलं. सैल वाटलं, काढलं, अजून दोन वेढे दिले, पुन्हा शिवलं. तिसऱ्यांदा ते असं बसलं की ओढून निघेना. शेतकऱ्याने वरून तार आवळली. आत्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते, माझेही. "तीस-चाळीसच्या वर नका नेऊ," तो मला म्हणाला, "आन् दर पाचसहा मैलाले थांबून पाहा." डबा त्याने गाडीतच ठेवला. बायकोने आत्याच्या पदरात चार वडे बांधले आणि म्हणाली, "येतानी सांगत जाजा, काय झालं ते." त्या बाईचं नाव विचारायचं आम्हाला सुचलं नाही. पुढे दोन महिन्यांनी आम्ही ताईला सावनेरला सोडायला गेलो तेव्हा तिथे थांबून तिची ओटी भरली, तेव्हा कळलं, तिचं नाव रुख्मा.

सावनेरला ताई ओट्यावरच बसली होती, भाऊजी अजून जीप शोधत बाहेरच होते. डोळे खोल गेलेले, ओठ दातांखाली. तिला मागच्या सीटवर आत्याच्या मांडीवर आडवं केलं. तिच्या सासूबाई पुढे माझ्या शेजारी बसल्या आणि नागपूर येईपर्यंत त्यांनी फक्त देवीचं नाव घेतलं. मी दर पाच मैलांवर थांबत होते. उतरायचं, बॉनेट उघडायचं, बुचाला हात लावून बघायचा, पट्टी बघायची, थोडं तेल घालायचं, पुन्हा बसायचं. ताई मागून म्हणाली, "बेबी, प्रत्येक गावी उतरून काय पाहते वं? देवदर्शन करून राहिली का?" कळा चालू असताना ती असं बोलत होती. मला हसू आलं आणि रडूही, पण मी तिला काही सांगितलं नाही. कोराडीला पुन्हा गर्दी. मी खिडकीतून डोकं काढून ओरडले, "बाळंतीण आहे, बाळंतीण आहे!" खरं तर अजून व्हायची होती. आणि बायकांनी हातात हात धरून आमच्यासाठी गल्ली पाडली. पूजेच्या ताटातलं कुंकू एकीने धावत येऊन काचेवर लावलं. त्या लाल बोटाच्या बाजूने बघत मी उरलेला रस्ता काढला.

दवाखान्याच्या फाटकात बाबा उभे होते. त्यांना डॉक्टरीणबाई सापडल्या होत्या, जेवणाच्या ताटावरून उठून आल्या होत्या. स्ट्रेचर तयार होतं. ताईला आत नेलं, दार बंद झालं, आणि मग बाबांनी शर्टाच्या खिशातून ते झाकण काढलं, त्यावर अजून कुंकू होतं. डॉक्टरीणबाई मिळाल्यावर ते ताईसाठी कपडे आणायला घरी गेले होते आणि त्यांना पाटावर झाकण दिसलं. तेव्हापासून तीन तास ते त्या फाटकात उभे होते. ना वाटेत आम्हाला कळवायची सोय, ना मागे येण्याची. "मले वाटलं, गेल्या तुम्ही," ते म्हणाले. गेल्या म्हणजे काय ते त्यांनी पुरं केलं नाही. मी म्हटलं, "बाबा, मीच विसरले." ते म्हणाले, "काल रात्री मी दोनदा उठलो. म्हटलं, बेबीले आठवण करून द्याव का? मंग म्हटलं, गाडी कुठं जाते. चूक माही हाये." आत्या म्हणाली, "चूक माही हाये." तिघंही चुकीसाठी भांडत होतो, जणू ती ज्याला मिळेल त्याचं नशीब. मग बाबांनी बॉनेट उघडून ते शिवलेलं कणीस पाहिलं. त्यांनी ते बोटाने दाबलं. वास घेतला. आजूबाजूला ओल आहे का बघितलं. नव्हती. आणि बाबा बॉनेटवर हात टेकवून हसायला लागले. इतके हसले की वॉर्डबॉय बघायला आला.

मुलगी झाली. पोट फाडून काढावी लागली, वजनाला कमी होती, पण दार उघडण्याआधीच तिचा आवाज आम्ही ऐकला. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, दोघी ठीक आहेत. अर्धा-पाऊण तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, हेही म्हणाल्या. मी तिथेच फरशीवर बसले. आयुष्यात पुढे पुष्कळ चांगल्या गोष्टी झाल्या, पण इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही. कोणीतरी छातीवरचा पाटा उचलून बाजूला ठेवला होता.

थोड्या वेळाने नर्स बाळाला गुंडाळून घेऊन आली. "कोण घेतंय?" आत्या पुढे झाली आणि थांबली. तिने हात दोनदा साबणाने धुतले होते, सोड्याने घासले होते, पण तेल नखांत आणि तळव्याच्या रेषांत तसंच होतं. माझेही तसेच. "या हातानं नाही घेत मी," ती म्हणाली. "मधू, तू घे."

बाबा मागे सरकले. "बाई, तूच घे. पदरानं धर."

"नाही. बेबीच्या टायमाले मीच घेतलं होतं. तू भिताडाकडं तोंड करून बसला होता. सहा महिने हात नाही लावला पोरीले. आज तू घे."

हे मला तोपर्यंत कोणी सांगितलेलं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मला राग यायला हवा होता, पण त्या दिवशी मनात रागाला जागाच नव्हती. मी मान हलवली, घ्या म्हणून. तेव्हा दोन मुलींच्या त्या बापाने चष्मा काढून खिशात ठेवला, पुढे झाला आणि नर्सला हळू आवाजात विचारलं, "कसं धरायचं?"

नर्सने त्यांचा डावा हात धरून वाकवून दाखवला आणि बाळ त्यावर ठेवलं. बाबा हलेनात. आत्या आपले काळे हात अंगापासून लांब धरून शेजारी उभी होती आणि सांगत होती, "मान सांभाळ, मधू. मान सांभाळ."